गजांआडची घागर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नारायण विठ्ठल शिंपी, ड्रॉइंग मास्तर, यांचं नाव घेतो. ऐकणारा लगेच विचारतो, म्हणजे तुम्ही चित्रकार का? मी नाही म्हणतो. मला साधा आंबा काढता येत नाही. मास्तरांनी मला चार वर्षं चित्रकला शिकवली आणि अखेर सगळ्या वर्गासमोर सांगितलं की तुझ्या हातात रेघ नाही, तू आपली पुस्तकं वाच. मी पुस्तकं वाचली आणि बी. ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी सहीसुद्धा केलेली नव्हती. आज जळगावला एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. लोक मला यशस्वी मनुष्य समजतात. हे यश एका विषयात नापास झाल्यामुळे मिळालं, हे त्यांना सांगून पटत नाही.

मास्तर बुटके होते. वडील शिवणकाम करत, त्यामुळे अंगावरचा काळा कोट मात्र गावातल्या कुठल्याही साहेबापेक्षा नीट बसलेला असे. कोटाच्या वरच्या खिशात एक लांब पेन्सिल. ती काढायची, हात ताठ समोर धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत समोरच्या वस्तूचं माप घ्यायचं, ही त्यांची सवय. वर्गात ती शोभे. पण मास्तर वर्गाबाहेरही तेच करत. भाकरी वाढली की तिचं माप. देवळाचा कळस, मारवाड्याचं पोट, प्रेतयात्रेत पुढे चाललेल्या मंडळींच्या पाठी, सगळ्यांचं माप. कुणी म्हणालं, मास्तर, यंदा कपाशी छान दिसते, तर ते शांतपणे म्हणत, "मत विचारलं नाही. माप सांगा."

एकदा धाकट्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला त्यांना नेलं होतं. मुलगी पाटावर येऊन बसली, सगळे कौतुकाने पाहू लागले आणि मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून डावा डोळा मिटला. मुलीच्या बापाचा समज भलताच झाला. आपण डोळा कुणाला मारला नाही, कपाळ आणि हनुवटी यांचं प्रमाण पाहिलं, हे समजावून सांगता सांगता मास्तरांना घाम फुटला. लग्न झालं, कारण प्रमाण बरोबर होतं आणि मुलीला हसू आवरलं नाही. मात्र त्यानंतर घरच्यांनी त्यांना असल्या कामाला कधी नेलं नाही.

ते देशभक्त होते का? लोक मला हा प्रश्न मोठ्या आशेने विचारतात. एकदा ते काही कामाने धुळ्याला गेले असता रस्त्याने झेंडा घेऊन मुलांची मिरवणूक चालली होती. मास्तर तडक आत शिरले आणि झेंडा धरलेल्या मुलाला थांबवून म्हणाले, तिन्ही पट्टे सारखे नाहीत, मधला बोटभर कमी आहे. मुलगा म्हणाला, काका, आधी स्वराज्य येऊ द्या. मास्तर म्हणाले, आलं तरी हा पट्टा कमीच राहील. ही चर्चा चालू असताना पोलिस आले आणि इतरांबरोबर मास्तरांनाही धरून घेऊन गेले. फौजदाराने विचारलं, चळवळीत केव्हापासून आहात? मास्तर म्हणाले, मी चळवळीत नाही, मी पट्ट्याबद्दल बोलत होतो. फौजदाराने त्यांना संध्याकाळी सोडून दिलं. आमच्या गावात मात्र त्यांचं स्वागत झालं, हार पडला, आणि मास्तरांनी नाइलाजाने तो सहन केला. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सरकारी नोकरीची आठवण करून दिली. ते फार घाबरले. ते मुळात घाबरट होते, हे इथेच लिहून ठेवतो. पुढची हकिगत एखाद्या शूर माणसाची आहे असा कुणाचा समज होऊ नये.

आता शाळेबद्दल. आमचं गाव नरडाण्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. लोकल बोर्डाची शाळा मोठी होती. आमचा वर्ग म्हणजे एक लांबट खोली, तिला ओट्याच्या बाजूने लोखंडी गजांची खिडकी. खोलीत मुलं बसत. ओट्यावर आम्ही बसत होतो. आम्ही म्हणजे महारवाड्यातली चार मुलं. मी, सोमा आणि दोघे भाऊ. शिकवणं खिडकीतून ऐकायचं, फळा खिडकीतून वाचायचा. पाटी तपासायची वेळ आली की ती उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचं. गुरुजी वाकून पाहत, चूक असेल तर तोंडाने सांगत, आणि आम्ही पुढे होऊन पाटी उचलत असू. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आम्हालाही नाही. पाऊस तिरका आला की तेवढं वाटे.

शिंपी मास्तर आले आणि पहिल्याच तासाला त्यांनी आमचे कागद उंबऱ्यावरून उचलून हातात घेतले. आतली मुलं एकमेकांकडे बघू लागली. मास्तरांच्या काही लक्षातच आलं नाही. त्यांनी कागद समोर धरला, डोळा मिटला, पेन्सिल लावली. मधल्या सुट्टीत दुसऱ्या एका गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन रीत सांगितली. मास्तर म्हणाले, जमिनीवर ठेवलेला कागद तिरका दिसतो, तिरक्या कागदाला गुण कसे देऊ? मग तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून गुरुजी गेले. मास्तरांनी ते बघितलं ते असं, की ड्रॉइंगच्या दिवशी घरी गेले की आईच्या, म्हणजे जिजीच्या, समाधानासाठी ते विहिरीवर अंघोळ करू लागले. जिजीलाही दुखवायचं नाही आणि कागदही तिरका पाहायचा नाही. पुढे कुणीतरी त्यांना सुधारक म्हटल्यावर त्यांनी या अंघोळींची गोष्ट स्वतःहून सांगितली होती.

आमच्या चौघांत सोमा बोलत नसे. मुका नव्हता. घरी दोनचार शब्द बोले. शाळेत तेही नाही. कविता म्हणायची पाळी आली की खाली बघून उभा राही, छडी खाई आणि खाली बसे. त्याची माय शाळेच्या फाटकापाशी येऊन गुरुजींना सांगत असे, "मना पोऱ्या बोलत नही बाप्पा, पन बठ्ठं देखस." सगळं पाहतो हे खरं होतं, पण त्याला शाळेत गुण नव्हते. ड्रॉइंगच्या तासालाच काय ते त्याचं तोंड वर असे.

मार्गशीर्षात डिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार अशी वर्दी आली. हेडमास्तरांनी सर्वांना कामाला लावलं. मास्तरांना हुकूम झाला की भिंतीवर चित्रं टांगा, चांगल्यातली चांगली. मास्तरांनी परीक्षाच घेतली. खोलीच्या मध्यावर तिवई ठेवली, तिच्यावर पितळी घागर ठेवली आणि सांगितलं, ज्याने त्याने आपापल्या जागेवरून जसं दिसतं तसं काढायचं. आणि रबर वापरायचं नाही. रबर त्यांना खपत नसे. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी बरोबर काढ, असं ते म्हणत.

मी घागर काढली, माझ्या मते सुरेख. सोमाने काढलं ते वेगळं होतं. कागदभर आधी उभे गज, जाड, काळे, आणि त्यांच्या फटींतून घागरीचे उभे तुकडे. एका फटीत तिवईचा पाय, एकीत कुणाची तरी शेंडी, एकीत हेडमास्तरांच्या खुर्चीची पाठ.

मास्तरांनी कागद उचलला. मग ओट्यावर आले, सोमाला बाजूला सारून त्याच्या जागेवर मांडी घालून बसले, डोळा मिटला आणि पेन्सिल धरली. बराच वेळ अंगठा खालीवर होत होता. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि पहिला नंबर लिहून टाकला. मग माझा कागद पाहिला.

"तुला गज दिसले नाहीत?"

"दिसले मास्तर."

"मग गेले कुठे?"

मी म्हणालो, मला वाटलं ते काढायचे नसतात. "कुणी सांगितलं?" ते म्हणाले आणि मला शेवटचा नंबर मिळाला. कुणीही सांगितलं नव्हतं, हे मी पुढे कित्येक वर्षं आठवून पाहिलं आहे.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी हेडमास्तर भिंत पाहायला आले. पहिल्याच चित्रापुढे थांबले. हा कुठला तुरुंग, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, आपली शाळा. हेडमास्तर मूर्ख नव्हते, एका क्षणात समजले. सगळ्या मुलांना वर्गात आत बसवण्याबाबत सरकारची काहीतरी परिपत्रकं आलेली होती, ती त्यांनी व्यवस्थित बांधून ठेवली होती, आणि उद्या येणारा साहेब ती वाचणाऱ्यांपैकी होता. ते म्हणाले, गज पुसा. मास्तर म्हणाले, माझ्या वर्गात रबर नाही. मग काढून ठेवा. मास्तर हात जोडून म्हणाले, साहेब, पहिला नंबर काढला तर दुसरा पहिला होईल, आणि तो पहिला नाही.

हे सगळं मी खिडकीतून पाहत होतो. नोकरी जाईल अशी भीती मास्तरांना खरोखर वाटत होती. पण नंबर चुकीचा लागेल ही भीती थोडी जास्त असावी.

हेडमास्तर अखेर म्हणाले, मग त्या पोराकडून दुसरं काढून घ्या, गजांवाचून. मास्तरांचा चेहरा खुलला. म्हणाले, हे होईल, मात्र त्याला अशा जागी बसवावं लागेल जिथून गज मध्ये येत नाहीत. हेडमास्तरांनी दाराबाहेर पाहून घेतलं. मग म्हणाले, बसवा, एक तासापुरतं.

सोमा आत गेला. पलीकडच्या भिंतीशी त्याला बसवलं, आजूबाजूची मुलं जरा जरा सरकली. आम्ही तिघे खिडकीला चिकटून पाहत होतो. सोमाने मान खाली घातली आणि काढू लागला. तासाने कागद मास्तरांच्या हातात गेला, मास्तरांच्या हातून हेडमास्तरांच्या समोर. घागर अखंड होती, झळझळीत, उजेड कुठून येतो तेही कळत होतं. उजेड खिडकीतून येत होता. आणि घागरीमागे ती खिडकी होती, आणि गजांना धरून आम्ही तिघे.

हेडमास्तरांनी प्रथमच सोमाशी थेट बोलायचं ठरवलं. "यांना कशाला काढलंस रे?"

सोमा उभा राहिला. छडीची वाट पाहत असावा तसा हात पुढे केला. मग तो बोलला. शाळेत मी त्याच्या तोंडून ऐकलेला तो एकच शब्द.

"शेतस," तो म्हणाला. आहेत म्हणून.

मास्तर मध्येच अदबीने म्हणाले की प्रमाण बरोबर आहे, डाव्या बाजूचा मुलगा, म्हणजे मी, खरोखरच इतका वाकडा उभा होता. हेडमास्तर खुर्चीत बसले. दिवस कलत होता, सारवण राहिलं होतं, पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था राहिली होती. ते थकून म्हणाले, "त्यांनाही घ्या आत. आणि खिडकी रिकामी काढा एकदाची."

असे आम्ही आत गेलो. आयुष्यातला एवढा मोठा क्षण, पण उंबरा ओलांडताना मला आठवतं ते एवढंच की आत ओट्यापेक्षा कमी थंडी होती. सोमाने तिसरं चित्र काढलं. घागर, खिडकी, आणि खिडकीत फक्त बाहेरचा लिंब.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर साहेबांच्या स्वागताला वेशीपाशी गेले असताना मास्तरांनी चित्रं टांगली. त्यांनी तिन्ही टांगली, ओळीने. विद्यार्थ्याचा अभ्यास क्रमाने दिसावा म्हणून, असं ते पुढे सांगत. हा भाबडेपणा होता की आणखी काही, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. दर वेळी उत्तर मिळालं की क्रम महत्त्वाचा.

डिपोटीसाहेब तिन्ही चित्रांपुढे उभे राहिले. त्यांनी एकवार आमच्याकडे पाहिलं, एकवार ओट्याकडे, आणि मग हेडमास्तरांकडे. हेडमास्तरांनी उपरण्याने मान पुसली. साहेब म्हणाले, "प्रगती आहे. चौथं चित्र पाहायला मी पुन्हा येईन." केव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही.

या एका वाक्यावर आमचं शिक्षण झालं. साहेब उद्या येतील, परवा येतील, म्हणून हेडमास्तर आम्हाला बाहेर बसवायला धजेनात. पाटील दोनचार मंडळींना घेऊन शाळेत आले. आम्हाला आत बसवलं का म्हणून त्यांनी विचारलं, "हेडमास्तर, त्या पोरेस्ले मझार बसाडं म्हणे?" हेडमास्तर म्हणाले, साहेबांचा हुकूम आहे, साहेब येऊन जाईपर्यंत. पाटलांनी विचार केला. "तोपावत ठीक शे," ते म्हणाले. "साहेब ई गया का मंग भायेर." सर्वांना हे पटलं. आम्हालाही पटलं.

साहेब काही येईनात. इकडे गावात वेगळीच अडचण उभी राहिली. आमच्याबरोबर बसलेली मुलं घरात घ्यायची तर आधी अंघोळ हवी. पौषाची थंडी, तीही खानदेशातली. रोज संध्याकाळी घरोघरी अंगणात पोरांची ओळ, चुलीवर पाण्याचे हंडे, पोरं कुडकुडताहेत, शिंकताहेत, बायका सरपणावरून करवादताहेत. इतकी स्वच्छ पिढी आमच्या गावात पूर्वी झाली नाही. थोड्या दिवसांनी अंघोळीचे हातपाय धुणं झालं. मग तोंडावर पाणी शिंपडणं आलं. मग पाटलिणीनेच एके दिवशी नातवाला तसंच घरात घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं, "तुमना साहेब येवापावत पोऱ्या मरी जाई." होळीनंतर बातमी आली की डिपोटीसाहेबांची कर्नाटकात बदली होऊन दोन महिने झाले. तोवर आम्हाला बाहेर काढायचं असतं, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. लक्षात होतं ते पाण्याचं. ते मात्र पुढेही बरीच वर्षं शिपाई वरूनच आमच्या ओंजळीत ओतत राहिला.

काही वर्षांनी या कामाबद्दल हेडमास्तरांचा जळगावला जाहीर सत्कार झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो, मुद्दाम गेलो. मास्तरही आले होते, शेवटच्या रांगेत. हेडमास्तर म्हणाले की या मुलांना मीच आत घेतलं, आणि उपरण्याने डोळे टिपले. मी संतापून मास्तरांकडे वळलो. मास्तरांनी डोळा मिटून पेन्सिल धरली होती. त्यांच्या मते हार डाव्या बाजूला फार उतरला होता. मी म्हणालो, मास्तर, हे सगळं तुमचं आणि सोमाचं काम. ते म्हणाले, "आत घ्या असं कोण म्हणालं होतं? तेच ना? मग ते खरंच सांगताहेत. मी चित्र तपासलं." धुळ्याच्या बोर्डिंगात माझी जागा त्यांनीच पदरमोड करून आणि चार खेपा घालून मिळवली होती. त्याबद्दल बोलायला लागलो तर म्हणाले, तुझ्या हातात रेघ नव्हती, काय करणार.

सोमा चित्रकार झाला नाही. म्हणजे नाव झालं नाही. तो धुळ्याला दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि आठवड्याने गावी येतो. अक्षर असं काढतो की ज्याला वाचता येत नाही तोही थांबतो. अजून फार बोलत नाही.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते नरडाणा स्टेशनावर. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती. ते नंदुरबारला पुतण्याकडे राहायला चालले होते. पुतण्याची बायको, तीच ती पाटावर हसलेली मुलगी, त्यांचा हात धरून उभी होती. मोतीबिंदू वाढला होता. मी पाया पडलो, नाव सांगितलं. त्यांनी माझा चेहरा हाताने चाचपला. खिशातली पेन्सिल त्यांनी काढली नाही.

गाडीला वेळ होता. मी माझ्या नोकरीचं सांगितलं, विद्यार्थ्यांचं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग म्हणाले, "शाळेत आता पोरं कुठं बसतात?"

मी म्हणालो, मास्तर, आता पुष्कळ सुधारणा झाली आहे.

"तू जाऊन पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात गाडी आली. सामान चढवण्याच्या गडबडीत मी म्हणालो, पाहून कळवतो. खिडकीपाशी बसून ते माझ्या जरा उजवीकडे बघत होते, तिथे मी आहे असं समजून. मी सरकून तिथे उभा राहिलो.

गावी जाऊन आल्यावर मी त्यांना पाठवलेलं पत्र असं:

ती. मास्तरसाहेबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आपण विचारलं होतं म्हणून रजा काढून गावी गेलो आणि शाळा भरलेली असताना आत जाऊन पाहिलं. ओट्यावर कुणी बसत नाही. तिथे गुरुजींच्या सायकली असतात. पाणी अजून शिपाईच देतो, पण आता सगळ्यांनाच तो वरून ओततो.

सोमाची मुलगी तिसरीत आहे. ती बापाचं सगळं बोलणं आपल्या वाट्याला घेऊन आलेली आहे. तू कुठे बसतेस, असं मी विचारलं, तर तिने तक्रारीला सुरुवात केली. गुरुजींनी तिला पहिल्या रांगेत आताच्या पाटलांच्या नातीशेजारी बसवलं आहे. ती जागा तिला मुळीच आवडत नाही. तिला मागे मैत्रिणीजवळ बसायचं आहे. गुरुजींना दोनदा सांगितलं, ते ऐकत नाहीत, तुम्ही मोठ्या शाळेतले आहात तर तुम्ही सांगा, असं तिने मला बजावलं. सोमा शेजारीच होता. मी ओट्याबद्दल काही बोललो नाही. तोही बोलला नाही.

मी तिच्या वतीने हल्लीच्या हेडमास्तरांना भेटलो आणि जागा बदलण्याची विनंती केली. त्यांनी कारण विचारलं. पाटलांची नात तिची गणितं उतरवते, एवढंच कारण आहे, असं मी सांगितलं. एवढंच आहे ना, हे मी आधी तिला तीनतीनदा विचारून घेतलं होतं. ती शेवटी माझ्यावर चिडली.

आपला विद्यार्थी
शंकर